जांभळी भिंत वाळेपर्यंत

चाचांनी घर जांभळं का केलं, याची तीन वर्षांत मला पाच कारणं कळली आणि पाचही त्यांनीच सांगितलेली होती. मला म्हणाले, उतारवयात पांढरा चुना डोळ्यांना बोचतो. चाचींना सांगितलं, या रंगावर माश्या बसत नाहीत. शेजारच्या तांबटाला सांगितलं की ढेकूण होत नाहीत. तांबट ते खरं धरून रंगाची पुडी मागायला आला, तर त्याला म्हणाले, "तुमच्या घराला न्हाय शोभणार, उजेड वेगळा हाय." जावयाला सांगितलं, रंग सोलापुरात स्वस्त मिळाला. आणि एकदा ओसरीवर बसून सुपारी कातरताना, कुणी काही विचारलेलं नसताना, म्हणाले, "माझ्या धाकट्या बहिणीची ओढणी अशी होती." ती बहीण कुठं आहे हे मी विचारलं नाही. तेव्हा मला असल्या गोष्टींसाठी वेळ नव्हता.

मी पत्रकांवर वाढलो. बेंबळीला आमच्या घरी पुस्तक नव्हतं, पण मामा सोलापूरहून येताना धोतराच्या घडीत पत्रकं आणायचा, आणि मी अक्षरं शिकलो ती त्यांवरूनच. त्यामुळं जगात दोनच प्रकारची माणसं असतात हे मला लहानपणीच कळलं होतं: आपल्या बाजूची आणि निजामाच्या. धाराशिवात शिकवण्या करायला आलो, चाचांच्या घराची ढाळज, म्हणजे दारालगतची खोली, भाड्यानं घेतली, आणि पहिल्याच आठवड्यात ठरवायला बसलो की हा घरमालक कुठल्या बाजूचा. ते अजून ठरलेलं नाही. ते दोघं आता हैदराबादेत लेकीकडं असतात, आणि मी इथं बसून तेच ठरवतो आहे.

चाचांनी तीस वर्षं तहसील कचेरीत नकला करण्याचं काम केलं. फैसले, फर्मानं, अर्ज, दुसऱ्यांचा शब्दन् शब्द उतरवायचा. स्वतःचं एक अक्षर घालायचं नाही. उर्दू आणि फारसी त्यांच्या बोटांत होती. मराठी मात्र, ते म्हणत, फक्त तोंडात आहे. बाळबोध अक्षर वाचता येत नाही म्हणून लेकीच्या शेजारणीनं लिहिलेली मराठी पत्रं ते माझ्याकडं घेऊन यायचे. मी वाचत असताना ते पत्राकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघत. एकदा एक ओळ मी कंटाळून गाळली, तर म्हणाले, "मास्तर, मधी काही सुटलं का? पत्र लांब दिसतंय." मी ते त्यांच्या नकलनविशी नजरेवर सोडून दिलं.

निवृत्तीनंतर त्यांनी रंग सुरू केला. आपल्याकडं भिंतीला पांढरी माती, नाहीतर चुना. चाचांना चुना चालायचा नाही, कारण ही पुडी चुन्यात मरते, आठ दिवसांत भिंत पुन्हा पांढरी. पुडी म्हणजे सोलापूरला विणकर सूत रंगवतात ती. म्हणून ते खडूची भुकटी भिजवायचे, त्यात उकळून पातळ केलेला सरस घालायचे, आणि मग चिमटीनं रंग. सरस नसेल तर भिंतीला टेकलेला माणूस खडूच्या भुकटीनं माखून उठतो. सरस फार झाला तर पापुद्रे निघतात. चूल अंगणात, तपेलं चाचींचं. भाकरीला उशीर.

"अहो, भाकरी पण जांभळी दिसाया लागली," चाची म्हणायच्या. "एवढ्या घरात मीच तेवढी गोरी राहिले."

"तुमचं पण बघू," चाचा म्हणायचे, "पुड्या उरल्या तर."

प्रत्येक खोलीचा हिशेब वेगळा होता. बैठकीला गडद, कारण तिथं परकी माणसं येतात आणि त्यांनी फार वेळ बसू नये. स्वयंपाकघराला फिका, धूर त्याला आपोआप गडद करील. चाचींच्या खोलीला सगळ्यात फिका, दुधात एक जांभूळ पिळावं तसा, कारण तिथं दुपारचं ऊन येतं आणि ऊन म्हणजे एक हात जास्तच. आधी हातभर चौकोन रंगवायचा आणि थांबायचं. ओला रंग गडद दिसतो, वाळला की खरा कळतो. तोवर त्यांच्यासमोर कुणी मत द्यायचं नाही. "छान आहे," म्हटलेलंही खपायचं नाही.

"वाळू द्या," म्हणायचे. "ओल्या भिंतीवर बोलू नका."

मी त्यांना राज्याबद्दल विचारलं, वाळू द्या. हिंदुस्थानात विलीन व्हावं की नाही, वाळू द्या. सोलापुराकडं तिरंगा चढला त्या दिवशी मी अंगणात उभा राहून जवळजवळ भाषणच केलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मास्तर, स्वयंपाकघराची पूर्वेकडची बाजू तुम्हाला डाग पडल्यासारखी वाटते का?"

आता एक कबुली द्यायला हवी. आमची पत्रकं मीच काढत होतो. छापखाना कुठून आणणार? पत्र्याच्या उथळ ट्रेमध्ये सरस, साखर आणि ग्लिसरीन उकळून ओतायचं, थिजलं की त्याची मऊ लादी होते. जांभळ्या शाईनं लिहिलेला कागद त्यावर पालथा दाबला की अक्षरं लादीवर उलटी उतरतात. मग एकेक कोरा कागद दाबून उचलायचा, चाळीस-पन्नास प्रती निघतात. ग्लिसरीन औषधवाल्याकडं मिळायचं. जांभळी शाई मिळायची नाही, ती मी चाचांच्या पुड्यांतून करायचो. स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या दिवळीत त्यांचा डबा असे. प्रत्येक पुडीतून चमचाभर काढायचो आणि पुडी होती तशी बांधून ठेवायचो. चोरी हा शब्द तेव्हा माझ्या मनात आला नाही. चळवळीसाठी घेतलेल्याला मी चोरी म्हणत नसे.

परिणाम असा झाला की चाचांचा रंग खोलीगणिक त्यांच्या अंदाजापेक्षा फिका येत गेला. ते चकित झाले, मग खूश झाले. "बघा मास्तर, किती नाजूक उतरला! माझा हात बसला आता." गल्लीतल्या बायका चाचींची खोली बघायला यायच्या. असा रंग कुणी पाहिला नव्हता. त्या नाजूकपणाचा कर्ता मी होतो, आणि भिंतीचा अर्धा रंग माझ्या पत्रकांत गेल्यामुळं ती तशी दिसत होती, हे मी कुणाला सांगणार?

घरात एकच खोली पांढरी राहिली, माझी. चाचा महिन्यातून एकदा ढाळजेच्या दारात उभे राहून भिंतींकडं बघायचे, भुकेला माणूस ताटाकडं बघतो तसे.

"दोन दिवसांचं काम हाय, मास्तर."

"जोवर हे राज्य आहे तोवर माझ्या खोलीला रंग लागणार नाही," मी सांगितलं. "गुलामानं भिंती सजवायच्या नसतात."

"सजवायच्या कशाला? रंगवायच्या."

मग सोलापूरकडून माल यायचा बंद झाला. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरचे शिपाई चाचांच्या पुड्या ओळखीनं सोडायचे, पण आता सोडायला काही येतच नव्हतं. तुळजापूरला येणाऱ्या यात्रेकरूंकडून ते एखाददुसरी पुडी मागवायचे, तेही संपलं. सरस तर मिळेनाच. चाचा रिकामं तपेलं घेऊन अंगणात बसू लागले. त्याच सुमाराला एका दुपारी मी शिकवणीहून आलो तर जांभळ्या बैठकीत दोन रझाकार चहा पीत बसलेले. चाचा त्यांना उरल्यासुरल्या रंगाचा भिंतीवरचा ओला चौकोन दाखवत होते. मी माझ्या खोलीत गेलो आणि दार लावलं. ते चंदा मागायला आले होते हे मला मागून कळलं. दिला का, ते कळलं नाही. चाची म्हणाल्या, "चौकोन वाळंपर्यंत बसा म्हणाले त्यांना. दोन कप चहा पिऊन कंटाळून गेले." पण त्या रझाकारांच्या हातात तेच कप होते ज्यांतून मी रोज प्यायचो, आणि माझ्यासाठी प्रश्न तिथंच संपला होता. तीन वर्षं जे ठरत नव्हतं ते ठरलं.

मी पत्रक लिहिलं. नाव घातलं नाही, पण घर घातलं. जांभळं घर धाराशिवात एकच होतं. लोक तुरुंगात सडत असताना भिंतींना नाजूक रंग देणारा, शत्रूला चहा पाजणारा, "जांभळ्या भिंतीआड बसलेला तटस्थ बोका," असं मी त्यांना म्हटलं. हा शब्दप्रयोग मला फार आवडला होता. अशा घराशी कुणी संबंध ठेवू नये, असा शेवट केला. मी स्वतः त्याच घरात राहत होतो याचं उत्तर माझ्याकडं होतं, पण आता ते आठवत नाही.

सकाळी कागद लादीवर दाबला, अक्षरं नीट उतरली, आणि नियमाप्रमाणं मूळ कागद जाळला. प्रती काढायला गेलो तर कोरे कागद पुरेसे नव्हते. ट्रेवर ओलं फडकं टाकलं, खाटेखाली ट्रंकेच्या मागं सरकवला आणि बाजारात गेलो. दीड-दोन तास लागले.

परत आलो तर माझी ट्रंक, अंथरूण आणि खाट अंगणात. ट्रे धुऊन चुलीशेजारी उन्हात पालथा घातलेला. आणि ढाळजेत चाचा स्टुलावर उभे, दोन भिंती जांभळ्या, तिसरी अर्धी.

मी ट्रेकडं बोट केलं.

"एवढा सरस दडवून ठेवला होता व्हय, मास्तर?" चाचा खुशीत म्हणाले. "आणि रंग पण त्यातच घातलेला! मी तपेल्यात टाकला, पाचव्या मिनिटाला विरघळला. असा चिकट सरस मी बघितला न्हाय."

माझं पत्रक, माझं यंत्र, सगळं माझ्याच भिंतीवर चढत होतं. मी ओरडायला लागलो. काय काय म्हणालो ते इथं लिहिणार नाही. सरकारचा हस्तक हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द होता. चाची पदर सावरत दारात आल्या. चाचा स्टुलावरून म्हणाले, "हळू. भिंत ओली हाय." तेव्हा मी त्यांच्या हातातला कुंचला हिसकावला. तपेलं हिंदकळलं, आणि रंग माझ्या मनगटांवरून कोपरापर्यंत आला.

तेवढ्यात दारात पोलिसांचे अमीनसाहेब, मागं चार शिपाई.

जांभळ्या अक्षरांची पत्रकं शाळेच्या भिंतीवर आणि तुळजापुरात सापडली होती. ते जांभळी बोटं शोधत गल्लीगल्लीतून फिरत होते. अमीननं माझे हात पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. मग चाचांचे हात पाहिले. चाचींच्या हातालाही तपेलं उचलताना लागलं होतं. मग त्यानं बैठक पाहिली, स्वयंपाकघर पाहिलं, चाचींची खोली पाहिली, आणि चेहरा हळूहळू पडत गेला.

"ये क्या है, बडे मियाँ?"

"रंग है, साहब," चाचा म्हणाले. "अभी गीला है. राय मत दीजिए."

ट्रंक उलटी केली, अंथरूण झटकलं, खाटेचे पाय ठोकून पाहिले. कोऱ्या कागदांचा गठ्ठा सापडला. शिकवण्या घेतो, मी म्हणालो, आणि ते खरंच होतं. ट्रेवर चाचींनी बोलता बोलता मिरच्या वाळत घातल्या होत्या. दमलेला अमीन टोपी काढून ढाळजेच्या भिंतीला टेकला.

"साहब, गीला है, बोला ना मैं," चाचा कळवळून म्हणाले. भिंतीसाठी कळवळले, की कोटासाठी, कोण जाणे. अमीन बाजारातून परत गेला तेव्हा त्याच्या खाकी पाठीवर वीतभर रुंद जांभळा पट्टा होता, आणि चार शिपायांपैकी एकानंही ते त्याला सांगितलं नव्हतं.

मी अंगणातलं अंथरूण गोळा केलं. मग चाचींना विचारलं, सकाळी कुणी आलं होतं का? "मुन्शीजी आले होते ना, पोलीस कचेरीतले. चहाला." मुन्शीजी अमीनच्या हाताखाली होते. पण ते दर गुरुवारी चहाला यायचे, आणि तो गुरुवार होता.

चाचांना सरळ विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं का?"

"काय?"

"ते लोक येणार ते. ट्रेमध्ये काय होतं ते."

"सरस संपला होता, मास्तर," ते म्हणाले, आणि उरलेली अर्धी भिंत पुरी करायला गेले.

ती भिंत वाळली नाही. ग्लिसरीन वाळत नाही हे मला माहीत होतं, चाचांना नव्हतं. ते रोज सकाळी येऊन अंगठा टेकवायचे, अंगठा बघायचे आणि मान हलवून जायचे. माझी उशी जांभळी झाली, दोन सदरे गेले. पाऊस सुरू झाल्यावर तर भिंतीला घाम फुटायचा. तटस्थ बोक्याचं पत्रक मी पुन्हा लिहायला दोनदा बसलो. पहिल्या ओळीपुढं गेलं नाही. खात्रीशिवाय लिहायचं नाही, हा माझा नियम होता, आणि खात्री तर भिंतीत गेली होती.

सप्टेंबरात सैन्य आलं आणि राज्य गेलं. मी ज्याची वाट पाहत मोठा झालो ते झालं. त्यानंतरच्या दिवसांत आपल्या भागात मुसलमान घरांचं काय काय झालं, त्यावर मी एकही पत्रक काढलं नाही. काढायला हवं होतं. हे मी इथं लिहून ठेवतो.

एका दुपारी दारात सहा-सात जण आले. पुढं जळकोटचा माझा सोबती होता, माझी पत्रकं सदऱ्यात घालून गावोगाव नेणारा. त्याच्या हातात काठी होती, आणि तो माझ्याशी हसून बोलला.

"मास्तर, तुमी हितंच ऱ्हायला ना? आता सांगा. ह्यो म्हातारा कुणाकडचा?"

मागच्यांकडं मी पाहिलं. ते माझ्याकडं बघत नव्हते, घराकडं बघत होते. आतल्या बाजूला चाचींची भांडी वाजायची थांबली.

"रझाकार हितं चहा पीत होते, व्हय का न्हाय?" सोबती म्हणाला. "तुमी सांगाल तसं. तुमचा शब्द आमाला पुरं."

माझा शब्द. तो तयारच होता, मी उन्हाळ्याच्या सुरुवातीला लिहिलेला. त्या दिवशी कागद पुरले असते, तर ती पन्नास पत्रकं एव्हाना याच माणसांच्या खिशांत असती, आणि विचारायला कुणी आलंच नसतं.

"यांनी मला वाचवलं," मी म्हणालो. "अमीन झडतीला आला त्या दिवशी यंत्र यांनी नाहीसं केलं. सगळं माहीत असून. आपली चळवळ यांच्यामुळं वाचली."

खात्री नसताना मी ठासून केलेलं हे पहिलं विधान.

"खोटं हाय ते," आतून आवाज आला. चाचा बाहेर आले, हातात सुपारीचा अडकित्ता. "मास्तर, पोरांना काहीबाही सांगू नका. माझा सरस संपला होता, ह्यांच्यापाशी होता, मी घेतला. मी कुणाला वाचवतो? मी तर तटस्थ बोका!"

कुणीतरी मागं फस्सकन हसलं. सोबती गोंधळला. पुढं काय बोलावं ते न सुचून त्यानं भिंतीला हात टेकायला उचलला.

"हात न्हाय!" चाचा केवढ्यांदा ओरडले. "ओली हाय भिंत!"

आणि सोबती मागं सरला. काठी हातात असलेला माणूस, गुरुजींनी दटावलेल्या पोरासारखा एक पायरी खाली उतरला. "कवा रंगवली?" त्यानं विचारलं.

"सहा महिने झाले," मी म्हणालो.

त्यानं भिंतीकडं पाहिलं, चाचांकडं पाहिलं, माझ्या जांभळ्या बाहीकडं पाहिलं. "म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलंय," तो इतरांना म्हणाला. "चला." ते गल्लीच्या वळणापर्यंत जाईतो मी दाराची चौकट सोडली नाही.

आणि मग ते दोन शब्द कानांत परत आले. तो शब्दप्रयोग मी कुणापुढं बोललो नव्हतो. कागद जाळला होता. तो फक्त लादीवर उतरला होता, तपेल्यात विरघळण्याआधी.

"चाचा," मी म्हणालो, "तुम्ही ते वाचलं होतं."

"मला बाळबोध कुठं येतं, मास्तर?" ते म्हणाले. "आणि ते तर उलटं होतं."

चाची आत हसल्या की रडल्या, मला कळलं नाही.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं मी काय लिहिलंय तुमच्याबद्दल. मग ते तपेल्यात घातलंत ते कशासाठी? मला वाचवायला, की स्वतःला? की खरंच—"

"सरस संपला होता."

"चाचा, आज तरी खरं सांगा."

त्यांनी अडकित्ता बंडीच्या खिशात टाकला. ढाळजेत गेले, उजेड पडला होता तिथं भिंतीवर अंगठा दाबला, जरा वेळ तसाच धरला. मग उचलून डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, आणि माझ्यासमोर धरला.

जांभळा होता.